सूर्याकडं जाण्यात खरी अडचण उन्हाची नाही

हिप्परगा_काठ (धागाकर्ता)

पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसलाय, दुपारी बारा ते चार सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि अशात मी सूर्याचा धागा काढतोय. ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांनी आधी घालून घ्या, मग वाचा.

निमित्त कट्ट्यावरच्या वादाचं. नासाचं पार्कर सोलर प्रोब हे यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. माणसानं बनवलेली कुठलीच वस्तू याआधी सूर्याच्या इतक्या जवळ गेली नव्हती. २२ मार्च २०२५ ला ते पुन्हा तेवढ्याच अंतरावरून गेलं, १९ जून २०२५ लाही. कट्ट्यावर सगळ्यांचा प्रश्न एकच: वितळलं कसं नाही बे?

प्रश्न रास्त आहे, त्यावर बोलूच. पण माझं म्हणणं असं की उष्णता हा या मोहिमेतला दोन नंबरचा प्रश्न आहे. एक नंबरचा प्रश्न म्हणजे तिथं पोचायचं कसं.

आपल्याला वाटतं, सूर्य एवढा थोरला, त्याची ओढ एवढी जबरदस्त, यान नुसतं सोडून दिलं की जाईल त्याच्याकडं. तसं होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण ३० किलोमीटर वेगानं आडवी पळतेय. श्रीहरिकोट्याहून उडा नाहीतर फ्लोरिडाहून, यान निघतानाच हा आडवा वेग घेऊन निघतं. तो अंगात असेपर्यंत ते पृथ्वीसारखंच सूर्याला फेऱ्या मारत राहणार. मंगळाकडं जायला या वेगात थोडी भर घालावी लागते, सूर्याकडं जायला त्यातला बराचसा घालवावा लागतो. आणि अवकाशात वेग घालवायलाही वाढवण्याइतकंच इंधन जळतं. नासाचा हिशोब असा की सूर्याकडं जायला मंगळाच्या ५५ पट ऊर्जा लागते.

म्हणून पावणेसातशे किलोच्या आसपासच्या या यानासाठी १२ ऑगस्ट २०१८ ला डेल्टा ४ हेवी हे अगडबंब रॉकेट वापरलं, वर आणखी एक जादाचा टप्पा बसवला. तेवढ्यानंही काम भागणार नव्हतं. उरलेला वेग शुक्राकडून मारून घेतला. यान शुक्राच्या पुढच्या बाजूनं नेमकं गेलं की त्याचा थोडा वेग शुक्राच्या पदरात पडतो. शुक्राला त्याचा पत्ताही लागत नाही, यानाची कक्षा मात्र आत सरकते. अशा सात भेटी झाल्या. पहिली ३ ऑक्टोबर २०१८ ला, शेवटची ६ नोव्हेंबर २०२४ ला. नोव्हेंबर २०१८ मधल्या पहिल्या फेरीत यान सूर्यापासून जवळपास अडीच कोटी किलोमीटरवर होतं. तिथून ६१ लाखांवर यायला सहा वर्षं लागली.

जुनी योजना तर आणखी लांबची होती: आधी गुरूकडं जायचं आणि त्याच्या मदतीनं सूर्याकडं वळायचं. पण गुरूपाशी ऊन इतकं कमी की सौर पॅनेलचा उपयोग नाही, अणुबॅटरी लागणार, खर्च वाढणार. ते बाजूला ठेवून शुक्राचा मार्ग काढला. मला या मोहिमेत सगळ्यात भारी वाटतो तो हा मार्ग. यानाला उन्हापासून वाचवणाऱ्या ढालीचं कौतुक सगळेच करतात.

चर्चा करा. उन्हाळ्याचे विनोद मर्यादेत.


कडक_भाकरी

काय सांगलालास बे! वेग मारला, वेग मारला म्हणतोस, आणि बातमीत तर लिहिलंय की ताशी ६ लाख ९२ हजार किलोमीटरचा विक्रम केला. मग मारला काय?


हिप्परगा_काठ

@कडक_भाकरी, मला वाटलंच होतं कुणीतरी हे विचारणार.

वेग लांबच्या टोकाला मारतात. पार्करची कक्षा लंबगोल आहे. तिचं एक टोक शुक्राच्या कक्षेजवळ, दुसरं सूर्याजवळ. शुक्राजवळ आडवा वेग कमी केला की यान सूर्याकडं जास्त खोल येतं. जेवढं खोल येईल तेवढी सूर्याची ओढ त्याचा वेग वाढवत नेते. म्हणजे लांब असताना हळू, जवळ आल्यावर सुसाट. केप्लरचा दुसरा नियम आठव, दहावीला पाठ केला असशील. सूर्याजवळचा वेग सेकंदाला १९२ किलोमीटर होतो आणि त्याच वेगानं यान पलीकडं निघूनही जातं. तिथं थांबायची सोय नाही. पूर्ण फेरी ८८ दिवसांची, त्यातले कामाचे दिवस थोडेच.


बाळीवेस_७७

वाचतोय. पु.भा.प्र., म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. (लेख नाही हे कळतंय, पण सवय.)


डाईंगवाला

धागा चांगला. वितळण्याचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून मी घेतो, गरम कामाशी रोजचाच संबंध आहे.

बातम्यांत लिहितात, सूर्याच्या प्रभामंडलाचं, म्हणजे त्याच्याभोवतीच्या विरळ वायूच्या वेढ्याचं, तापमान दहा-वीस लाख अंश. हे वाचून माणूस गार पडतो. पण तापमान म्हणजे कण किती वेगानं हलतायत, आणि उष्णता म्हणजे तुमच्या अंगावर एकूण किती ऊर्जा आली. आमच्याकडं टॉवेलच्या ड्रायरमध्ये हवा शंभरच्या बरीच वर असते, तरी मशीन उघडताना क्षणभर हात आत गेला तर फार काही होत नाही. शेजारच्या रंगाच्या कुंडातलं पाणी शंभरच्याही खाली असतं, त्यात बोट घालून दाखवा. हवा विरळ, पाणी दाट, एवढाच फरक.

प्रभामंडल तर आपल्या हवेपेक्षाही कोट्यवधी पटींनी विरळ आहे. लाखो अंशांचे कण आहेत, पण ढालीवर आदळणारे मोजके. ढाल तापते ती मुख्यतः समोरून येणाऱ्या सूर्यप्रकाशानं. तो प्रकाश आपल्या उन्हाच्या पावणेपाचशे पट. तरी डिसेंबरच्या फेरीत ढालीचं तापमान सुमारे ९८० अंशांपर्यंत जाईल असा अंदाज दिला होता. ढाल १४०० पर्यंत सोसेल अशी बनवलीय. लोखंड १५३८ ला वितळतं. म्हणजे ढालीचं तापमान लोखंड वितळवण्याइतकंही नाही! नुसत्या पत्र्यामागची यंत्रं मात्र भाजून निघाली असती. त्यामुळं 'वितळलं कसं नाही' यापेक्षा 'मागचं गार कसं राहिलं' हा खरा प्रश्न.


कडक_भाकरी

@डाईंगवाला लई भारी. मग मागचं गार कसं राहिलं मालक?


डाईंगवाला

ढाल २.४ मीटर रुंद आणि ११.५ सेंटिमीटर जाड. पुढं-मागं कार्बन-कार्बनचे (कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या कार्बनचे) पातळ थर, मध्ये कार्बनचा फोम. त्या फोममध्ये ९७ टक्के पोकळीच आहे, म्हणून उष्णता मागं झिरपायला वाटच नाही. पुढच्या अंगाला पांढऱ्या सिरॅमिकचा लेप, जेणेकरून प्रकाश जमेल तेवढा परत फिरवावा. अख्ख्या ढालीचं वजन ७३ किलोच्या आत. तिच्या सावलीत उपकरणं साधारण ३० अंशांवर असतात.

आमच्या शेडमध्ये आत्ता किती आहे ते विचारू नका.


सोलर_छत

३० अंश?? म्हणजे एप्रिल-मे मध्ये ते यान आपल्यापेक्षा गार. हसून हसून पुरेवाट.

माझा एक प्रश्न पॅनेलचा. मी घरावर पॅनेल बसवलेत. लोकांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त युनिट पडत असतील. पडत नाहीत. पॅनेल तापलं की वीज कमी होते, प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. दुपारी दोनला काचेवर हात ठेवता येत नाही. आमच्या गच्चीवर फेब्रुवारी-मार्चचा आकडा मे पेक्षा बरा येतो. इथंच ही गत, तर पावणेपाचशे पट उन्हात पॅनेल कसे चालवतात?


हिप्परगा_काठ

@सोलर_छत, उत्तम प्रश्न, आणि उत्तर ऐकून हेवा वाटेल. पॅनेलला पाण्याचं कूलिंग आहे.

दोन गोष्टी करतात. यान सूर्याजवळ आलं की पॅनेल दुमडून ढालीच्या सावलीत ओढून घेतात, अगदी टोकाचा छोटा भाग तेवढा उन्हात राहतो. आणि पॅनेलच्या मागून बारीक नळ्यांतून पाणी फिरवतात. साधारण पावणेचार लिटर, क्षार काढलेलं. ते दाबाखाली ठेवल्यामुळं शंभरच्या पुढंही उकळत नाही. गरम झालेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथून उष्णता अंधाऱ्या अवकाशात फेकली जाते, पाणी परत फिरतं. दुसरी रसायनं तपासली होती, पण एवढ्या तापमानांच्या टप्प्यात साधं पाणीच सरस ठरलं.


विजापूर_वेस

पावणेचार लिटर पाण्यात सात वर्षं काढली यानानं. इथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि ते भरायला रात्री दोनला उठावं लागतं. त्या लोकांना जरा आमच्याकडं पाठवा म्हणावं.

गंमत सोडा, पण मला खरंच विचारायचंय. दीड अब्ज डॉलर घातले म्हणतात त्या यानावर. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानावर सुमारे ४०० कोटी रुपये. सूर्य रोज उगवतो, मावळतो, त्याच्याजवळ जाऊन काय मिळवायचंय? ज्वारीला भाव द्या, हे नंतर करा.


पूर्वभागातली

@विजापूर_वेस दादा, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, मुलंही हेच विचारतात.

१३ मार्च १९८९ ला सौर वादळामुळं, म्हणजे सूर्यावरून सुटलेल्या कणांच्या लोंढ्यामुळं, कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज गेली. ६० लाख लोक साधारण नऊ तास अंधारात. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले, दुसऱ्याच दिवशी सौर वादळ आलं. तेही फार मोठं नव्हतं. वरची हवा तापून फुगली आणि जवळजवळ ४० उपग्रह खाली येऊन जळाले. १० मे २०२४ ला मोठं वादळ झालं तेव्हा अमेरिकेत शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत भरकटले आणि बऱ्याच जणांना काम थांबवावं लागलं. म्हणजे ज्वारी आणि सूर्य यांचा संबंध फक्त उन्हापुरता नाही.

आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत त्यामुळं वीजवाहिन्यांना धोका तुलनेनं कमी. पण जीपीएससारख्या सिग्नलना आयनावरणाचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रास आपल्याच पट्ट्यात जास्त होतो, आणि सौर वादळात तो वाढतो. वादळ सुटल्यावर ते इथं पोचायला एक ते तीन दिवस लागतात. कधी सुटेल, किती जोराचं असेल, हे आज नीट सांगता येत नाही, कारण ते सुटतं कसं हेच पुरतं कळलेलं नाही. त्यासाठी जवळ जायचं.


विजापूर_वेस

ताई, मुद्दा समजला. तरी मी ज्वारीच्या बाजूनंच.


मंगळवार_पेठ

या चर्चेत आपल्या आदित्यचं नाव फक्त खर्चासाठी आलं हे बघून वाईट वाटलं. आपण २०२३ मध्येच सूर्यावर यान पाठवलं, तेही कितीतरी कमी पैशात. नासाचे गोडवे किती गायचे?


हिप्परगा_काठ

@मंगळवार_पेठ, आदित्य-एल१ चा मलाही अभिमान आहे, पण ते सूर्यावर किंवा सूर्याजवळ गेलेलं नाही आणि तसं जायचंही नव्हतं. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५७ नं ते निघालं, ६ जानेवारी २०२४ ला एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत बसलं. एल१ आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर. सूर्य १५ कोटींवर. म्हणजे शंभरातला एक टक्का रस्ता. तिथं सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढीचा मेळ असा बसतो की यान पृथ्वीसोबतच सूर्याभोवती फिरत राहतं आणि सूर्य कधी पृथ्वीआड जात नाही.

दोघांची कामं वेगळी आहेत. पार्करला सूर्याचा चेहरा कधी दिसतच नाही, कारण ढालीपुढं डोकावलेला कॅमेरा जळून जाईल. त्याचा कॅमेरा बाजूला बघतो. ते आपल्या अंगावरून जाणारे कण आणि चुंबकीय क्षेत्र मोजतं, तेही फेरीतले थोडेच दिवस. आदित्य लांबून, पण चोवीस तास, सरळ सूर्याकडं बघतं. त्यातली सूट ही अतिनील दुर्बीण पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली आणि व्हीईएलसी हे प्रभामंडल बघणारं उपकरण बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं बनवलं. एकूण सात उपकरणं. सौर वारा, म्हणजे सूर्यावरून वाहणारे कण, आपल्याकडं पोचायच्या तासभर आधी तो आदित्यला लागतो, म्हणून ते एका अर्थी चौकीवर बसलंय. स्पर्धा लावायची कशाला?


मंगळवार_पेठ

ठीक. पण बातम्यांत तर 'सूर्यावर स्वारी' असंच होतं.


कडक_भाकरी

बातम्यांत सोलापूरला दरवर्षी विमानसेवाही सुरू व्हायची.


पूर्वभागातली

अवांतर थांबवून मूळ कोड्याकडं येऊ का? मला स्वतःला या मोहिमेत सगळ्यात जास्त रस आहे तो इथं.

सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साधारण ५५०० अंशांचा. त्याच्या वरचं प्रभामंडल १० लाख अंशांच्या पुढं. उष्णता जिथून निघते तिथून लांब गेल्यावर तापमान कमी व्हायला हवं, इथं ते शेकडो पटींनी वाढतं. १९४० च्या सुमाराला वर्णपटातल्या रेषांवरून हे नक्की झालं, आणि तेव्हापासून भांडण चालू आहे. एक पक्ष म्हणतो, खालून येणाऱ्या चुंबकीय लहरी वर जाऊन ऊर्जा सोडतात. दुसरा म्हणतो, चुंबकीय रेषा एकमेकींत गुंतून तुटतात, परत जुळतात, आणि त्या प्रत्येक वेळी छोटा स्फोट होतो. असे असंख्य. त्यांना नॅनोफ्लेअर म्हणतात, आणि ही कल्पना १९८८ मध्ये ज्यांनी मांडली ते यूजीन पार्करच, ज्यांचं नाव यानाला आहे.

यानानं काय दिलं? एक तर २८ एप्रिल २०२१ ला ते सूर्यापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर असताना पहिल्यांदा प्रभामंडलाच्या आत शिरलं. आत शिरलं हे कसं ठरवलं, कारण तिथं काही भिंत नाही? तर एका हद्दीच्या आत सूर्याचं चुंबकीय क्षेत्र कणांना धरून ठेवतं. हद्दीबाहेर कण सुटतात आणि परत जाऊ शकत नाहीत, तो सौर वारा. त्या हद्दीला आल्फवेन पृष्ठ म्हणतात. ती कुठं आहे हे तोवर फक्त गणितात होतं. यानानं ती प्रत्यक्ष ओलांडली, आणि काही तासांत एकदाच नव्हे, आत-बाहेर अशी अनेकदा. म्हणजे ती हद्द गुळगुळीत नाही, उंचसखल आहे.

दुसरं, सूर्याजवळ चुंबकीय क्षेत्र मध्येच उलटं वळतं आणि परत सरळ होतं. त्याला स्विचबॅक म्हणतात. एखादा-दुसरा पूर्वीच्या यानांनी पाहिला होता, पार्करला त्यांचे थवेच सापडले. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की वेगवान सौर वाऱ्याचे झोत प्रभामंडलातल्या ज्या भागांतून सुटतात तिथं चुंबकीय रेषांची ही तुटण्या-जुळण्याची क्रिया चालू असते. भांडण मिटलं असं कुणी म्हणत नाही. लहरीवालेही अजून हटलेले नाहीत.


निवृत्त_मास्तर

ताईंनी फार सोप्या भाषेत सांगितले. अभिनंदन.

प्रभामंडल मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण. सोलापुरात ते खंडग्रास होते, म्हणून आम्ही काही शिक्षक रेल्वेने रायचूरला गेलो. दुपारी पावणेचारच्या सुमारास अंधार झाला. रस्ते ओस, दारे-खिडक्या बंद, लोक घरात. सूर्याच्या काळ्या तबकडीभोवती सगळीकडून सारखे पांढरे पीस फुटलेले दिसले. नंतर वाचनात आले की त्या काळात सूर्य कमाल सक्रियतेवर होता आणि तेव्हा प्रभामंडल असे चौफेर दिसते, शांत काळात ते विषुववृत्ताच्या दोन बाजूंना ओढल्यासारखे दिसते. २०२४ च्या सुमारासही सूर्य कमाल सक्रियतेवर होता, म्हणजे यान ऐन धामधुमीत तिथे पोचले.

आणखी एक. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेकडून गेला. जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन होता. हेलियमची कथा याच ग्रहणातून सुरू होते. सूर्याजवळ काय आहे ते आपल्या आसपासच्या मातीवर उभे राहून शोधले गेले, एवढे नव्या पिढीला माहीत असावे म्हणून लिहिले.


मंगळवार_पेठ

मास्तर, हेलियम तर विजयदुर्गावर सापडला ना? हेलियम शोधणाऱ्या लॉकयर साहेबांचे ओटे आहेत तिथं. आम्ही सहलीला गेलो होतो.


निवृत्त_मास्तर

ओटे आहेत, आणि ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरूनही गेला होता. परंतु नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये तिकडेच, ग्रहण नसताना पाहिली. सहलीचा आनंद त्याने कमी होत नाही.


जुनी_मिल

मास्तरांचे प्रतिसाद वाचायला मिळाले की धागा वसूल.

यूजीन पार्करचं नाव आलंच आहे तर चंद्रशेखर यांचा किस्सा राहायला नको. १९५७-५८ मध्ये पार्कर तिशीतला पोरगा, शिकागो विद्यापीठात. त्यानं गणित मांडलं की प्रभामंडल इतकं तापलेलं आहे की ते जागेवर राहूच शकत नाही, ते सतत बाहेर वाहत असणार, आणि तेही ध्वनीपेक्षा कितीतरी वेगानं. निबंध ॲस्ट्रोफिजिकल जर्नलला पाठवला. दोन परीक्षकांनी फेटाळला. संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ती कल्पना पटली नव्हती. पण परीक्षक गणितात चूक दाखवू शकत नव्हते आणि स्वतः चंद्रशेखरांनाही चूक सापडली नाही. म्हणून त्यांनी परीक्षकांचं मत बाजूला ठेवून निबंध छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राकडं जात असताना त्यानं वाटेत सौर वारा दिवसेंदिवस मोजला. पार्करचं बरोबर होतं.

न पटलेली गोष्ट छापायला मोठं मन लागतं. आजकाल व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनसुद्धा एवढं करत नाही.

२०१८ ला उड्डाण झालं तेव्हा पार्कर ९१ वर्षांचे होते, तिथं हजर होते. जिवंत माणसाचं नाव नासानं मोहिमेला दिलं ते पहिल्यांदाच. २०२२ च्या मार्चमध्ये ते गेले.


सोलर_छत

जाता जाता, त्या यानावर एक मेमरी कार्ड आहे, त्यात ११ लाखांहून जास्त लोकांची नावं आहेत. नासानं ऑनलाइन मागवली होती. मी पण भरलं होतं. बायको म्हणते, घरातलं एक काम वेळेवर करत नाही आणि नाव सूर्यापर्यंत.


कडक_भाकरी

@हिप्परगा_काठ एक शंका राहिली. यान सूर्यापाशी असताना काही बिघडलं, ढाल जरा कलली, तर इथून कंट्रोल करणारे काय करतात?


हिप्परगा_काठ

काहीच नाही. करूच शकत नाहीत. सिग्नल जायला-यायला पंधरा-सोळा मिनिटं लागतात, आणि अगदी जवळ असताना तर काही दिवस संपर्कच नसतो. २४ डिसेंबरची फेरी झाल्यावर यान जिवंत आहे हे कळलं २६ ला रात्री, म्हणजे आपल्याकडं २७ उजाडल्यावर. तोवर यान बनवणारे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे लोक नुसती वाट बघत होते.

यान स्वतःच स्वतःला सांभाळतं. ढालीच्या सावलीच्या कडेकडेनं छोटे सेन्सर बसवलेत, मोबाइलच्या निम्म्या आकाराचे. यान जरा जरी कललं तरी सगळ्यात आधी त्यातल्या एखाद्यावर ऊन पडतं. कुठल्या सेन्सरवर पडलं त्यावरून यानाला कळतं आपण कुठल्या बाजूला कललोय, आणि ते लगेच स्वतःला सरळ करतं. मुख्य उपकरणं उन्हात येण्याच्या आधी.

ढालीबाहेर मुद्दाम डोकावणारं एक उपकरण आहे, सोलर प्रोब कप. सौर वाऱ्याचे कण पकडणारी वाटी. ती टायटॅनियम, झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूची, जो २३०० अंशांच्या पुढं वितळतो. साध्या वायरी तिथं टिकल्या नसत्या, म्हणून निओबियमच्या वायरी केल्या आणि त्यांना आवरण म्हणून नीलमण्याच्या स्फटिकाच्या नळ्या वाढवल्या. प्लॅस्टिक चालणार नव्हतं ना.


डाईंगवाला

नीलमण्यातून वायरिंग! आमच्या इलेक्ट्रिशियनला दाखवतो. तो साधी टेप लावायला कां-कू करतो.


पूर्वभागातली

शेवट काय होणार तेही सांगून टाका. मुलं हमखास विचारतात.


हिप्परगा_काठ

आता शुक्राच्या भेटी संपल्या, त्यामुळं कक्षा यापेक्षा आत जाणार नाही. आहे त्याच वाटेनं दर ८८ दिवसांनी फेरी. जोवर दिशा सांभाळणारे थ्रस्टर चालवायला इंधन आहे तोवर ढाल सूर्याकडं राहील. ते संपलं की यान हळूहळू वळेल आणि मागचा नाजूक भाग उन्हात येईल. उपकरणं, पॅनेल, सांगाडा असं एकेक तुटत, जळत जाईल. कार्बनची ढाल मात्र बराच काळ फिरत राहील असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.


विजापूर_वेस

@सोलर_छत म्हणजे तुमचं नाव जळणार. बायकोला सांगा.


निवृत्त_मास्तर

विषय निघालाच आहे तर एक सूचना. मे महिन्यात १० किंवा ११ तारखेला सोलापुरात शून्य सावली दिवस आहे. त्या दिवशी दुपारी साधारण १२ वाजून २२-२३ मिनिटांनी सूर्य अगदी डोक्यावर येईल. सरळ उभ्या नळीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. मुलांना घेऊन कोणी येणार असल्यास किल्ल्याच्या बागेत जमता येईल. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, फक्त सावली पाहायची.


पूर्वभागातली

मास्तर, मी येते, अकरावीची मुलं घेऊन. पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि लेव्हलची बाटली आणते. पाइप जरासा जरी तिरका राहिला तर सावली जाणार नाही, आणि मग पोरं म्हणतात विज्ञान खोटं आहे.


कडक_भाकरी

साडेबारा वाजता, मे महिन्यात, सोलापुरात, उघड्यावर. येतो की! टोप्या ज्यांनी त्यांनी आणा, ताक मी आणतो.


विजापूर_वेस

मी पण येतो. पाणी मात्र कुणीतरी जास्तीचं आणा, त्या आठवड्यात आमच्याकडं नळ कधी यायचाय ते अजून कळलेलं नाही.